वरून सात ओळी

माणूस दवाखान्यात जन्माला आला तरी कागदोपत्री तो जन्माला यायचा नऊ नंबरच्या खोलीत. खोलीला एक खिडकी, खिडकीला गज आणि गजांमागे दाखलेबाई. बाईंना स्वतःचं नाव होतं, हजेरीपटावर त्या रोज त्याच नावापुढे सही करत, पण अठ्ठावीस वर्षांत त्या नावाने त्यांना फारसं कुणी हाक मारली नव्हती. सगळं गाव दाखलेबाईच म्हणायचं, आणि बाईंनाही ते आवडायचं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते चौदा महिने याच खुर्चीत काढायचे, एवढीच त्यांची देवाकडे आणि कचेरीकडे मागणी होती.

बाईंच्या टेबलावरचा संगणक म्हातारा होता आणि त्यातला नोंदींचा प्रोग्रॅम त्याहून म्हातारा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. नोंद क्रमांक टाकायचा, बाळ सापडलं की वरच्या रांगेतली नऊ नंबरची कळ दाबायची, की शेजारचा प्रिंटर किंचाळत दाखला ओकायचा. त्या प्रोग्रॅमला फक्त तो एक प्रिंटर ठाऊक होता, संगणकाच्या पाठीला जाड वायरने जोडलेला. जगात दुसरा प्रिंटर असू शकतो, ही कल्पनाच त्याला शिवली नव्हती. या बाबतीत त्याचं आणि कचेरीतल्या बऱ्याच लोकांचं चांगलं जमलं असतं.

प्रिंटरला कडेला एक चाक होतं. एक खटका फिरवला की कागद एक ओळ सरके. बाई दाखला फाडायला कागद पुढे घेत, मग मागे घेत, आणि मागे घेताना एक खटका जास्त देत. हा जादा खटका म्हणजे बाईंचं सगळं वैभव.

त्याचं असं झालं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी छापखान्याने दाखल्यांचे नवे कोरे फॉर्म पाठवले, त्यावरचे रकाने जुन्यापेक्षा एक ओळ वर चढले होते. बाई तेव्हा अपेंडिक्स काढून घरी पडलेल्या. त्यांच्या जागी बसवलेल्या जावक कारकुनाने चाळीस दाखले छापले आणि चाळीसही एक ओळ खाली उतरले. त्या काळचे साहेब सही करण्यापूर्वी वाचत. त्यांनी चाळीसही परत फेकले, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी बाईंच्या दारात उभी. बाई पोटाला टाके असताना आल्या, फॉर्म पाहिला, चाकाला एक खटका मागे दिला, कळ दाबली. सगळं जागच्या जागी. कारकून, शिपाई, साहेब, सगळे आ वासून बघत राहिले. त्या दिवशी बाईंना जे वाटलं ते त्यांना लग्नातही वाटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात प्रोग्रॅम लिहिणारा दाढीवाला आला. त्याने आतलं एक पान उघडून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘वरून सोडायच्या ओळी: ७’. सहा करून टाकू का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, नको, राहू दे, मी बघते. दाढीवाल्याने खांदे उडवले आणि तो गेला, तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून बाई रजेवर गेल्या की दाखल्यांचं कामच बंद ठेवत, आणि बाई रजेवर फारशा जात नसत.

यंदा त्या प्रिंटरने मान टाकली. त्याची सुयांची पट्टी आता कुठे बनत नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. मोठ्या साहेबांना ही पर्वणीच वाटली. हे साहेब नवीन होते आणि त्यांना सगळंच नवीन हवं होतं. मजल्यामजल्यावर नेटवर्कचे अकरा प्रिंटर आधीच येऊन बसले होते आणि त्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे फारसं काही छापलं जात नव्हतं. साहेबांनी बैठक घेतली. जुना प्रोग्रॅम बदलायचा तर सव्वा लाख नोंदी हलवाव्या लागतील, ते होईल तेव्हा होईल, तोवर याच प्रोग्रॅमला नव्या प्रिंटरांवर छापायला शिकवायचं. मग दाखला कुठल्याही खिडकीवर मिळेल. मग नऊ नंबरची गरज उरणार नाही. आणि बाईंची सोय, साहेब अगदी हसून म्हणाले, कुत्र्यांच्या परवान्यांकडे करू, गाड्यांच्या शेडमागे जागा रिकामी आहे.

बाई घरी आल्या. घरी यजमान होते. ते नकाशे काढण्याच्या खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून घराचा नकाशा सुधारत होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांनी चिठ्ठी लावली होती, साखरेच्या डब्यावर ‘साखर’ आणि खाली उघडल्याची तारीख. बाईंना नोकरी का हवी होती, याचं निम्मं उत्तर त्या फळीवर रांगेत उभं होतं. शेडमागच्या खोलीची हकीकत ऐकून यजमान म्हणाले, बरं झालं, त्यापेक्षा सरळ घरीच बस, आपण मिळून माळा आवरू. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

सोमवारी टायवाले आले. ते इंजिनिअर होते, गळ्यात टाय होता आणि तोंडात ‘सोपं आहे’. पहिले तीन दिवस ते ‘सोपं आहे’ म्हणत बसले. पहिल्या दिवशी नव्या प्रिंटरमधून काहीच आलं नाही, कारण तो प्रिंटर पानाचं चित्र मागत होता आणि जुना प्रोग्रॅम नुसती अक्षरं पाठवत होता. दुसऱ्या दिवशी टायवाल्यांनी नुसती अक्षरं चालणारा प्रिंटर शोधला. मग प्रोग्रॅम अर्धं पान लिहून गप्प बसे आणि प्रिंटर बाकीच्या अर्ध्या पानाची वाट बघत दिवा मिचकावत राही. दुसरा दाखला पाठवला की पहिला बाहेर पडे. म्हणजे मागचं मूल जन्मल्याशिवाय पुढच्याला दाखला नाही. टायवाल्यांनी प्रिंटरला ताकीद दिली, पंधरा सेकंद वाट बघ, मग कागद सोड.

खरी मेख होती ती प्रोग्रॅमला गंडवण्याची. तो जाड वायरवाल्या प्रिंटरशिवाय कुणाला ओळखत नव्हता, म्हणून टायवाल्यांनी संगणकाला एका ओळीचा हुकूम दिला: वायरकडे जाईल ते मधल्या मध्ये पकड आणि नेटवर्कवर सोड. बिचारा प्रोग्रॅम समजत होता की आपला जुना सोबती अजून शेजारीच बसला आहे. बाईंना या लबाडीचं मनापासून कौतुक वाटलं आणि त्यामुळे टायवाल्यांचा जास्तच राग आला. दर सकाळी संगणक हा हुकूम विसरे, तेव्हा टायवाल्यांनी तो सुरुवातीच्या फाइलीत घातला, आणि बाईंच्या संगणकातला हाच प्रोग्रॅम बाकीच्या सहा खिडक्यांनाही जोडून दिला. गुरुवारी ते म्हणाले, झालं. मग रीत म्हणून त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय का?”

“मी काय सांगणार,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तज्ज्ञ.”

शुक्रवारी चाचणी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरभोवती सगळे जमले. कप्प्यात कोरे फॉर्म भरलेले होते. खाली नऊ नंबरमध्ये टायवाल्यांनी स्वतः कळ दाबली आणि तीन मजले चढून ते येईपर्यंत दाखला येऊन पडला होता. साहेबांनी तो दोन्ही हातांनी धरून फोटो काढून घेतला. बाई मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना अक्षरं वाचायची गरज नव्हती. नव्या प्रिंटरला चाक नव्हतं, आणि चाक नसलं की काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? सगळी माहिती एक ओळ खाली उतरली होती. बाळाच्या नावाच्या रकान्यात नोंद क्रमांक. आईच्या रकान्यात बाळ. वडिलांच्या रकान्यात आई. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात वडील.

बाई गप्प बसल्या. ते सरळ सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून निघालं. त्यांचा हिशेब साधा होता. आता कुणीतरी वाचेल, हसेल, साहेबांचं तोंड एवढंसं होईल, आणि मग सगळे जिना उतरून नऊ नंबरपाशी येतील. मग चुकलं कुठे ते त्या सांगतील, पण सावकाश. निदान चौदा महिने पुरेल इतकं सावकाश.

हिशेबात एकच चूक होती. कुणी वाचलंच नाही.

शाळाप्रवेशाचे दिवस होते. शनिवारी आणि सोमवारी मिळून सहा खिडक्यांवरून एकशे चाळीस दाखले गेले. प्रत्येकावर छापणाऱ्याची सही होती, तपासणाऱ्याची होती, साहेबांची होती आणि गोल शिक्का होता. एकशे चाळीस मुलांची नावं आकड्यांत गेली, एकशे चाळीस बाप जन्मस्थळ होऊन बसले, आणि तपासणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी ‘बरोबर’ अशी खूण केली. टायवाल्यांना काम पूर्ण झाल्याचं पत्र मिळालं आणि ते टाय सैल करून दुसऱ्या गावी कुणाचं तरी सोपं करायला गेले. इकडे बाई नऊ नंबरमध्ये रिकाम्या बसून होत्या. इतकी वर्षं आपण ज्यांच्या भीतीने प्रत्येक दाखला डोळ्यांत तेल घालून तपासत होतो ती माणसं मुळात वाचतच नव्हती, हे त्यांना त्या दोन दिवसांत कळलं, आणि त्याचा राग कुणावर काढावा ते कळेना.

मंगळवारी लोक परत आले. शाळांनी दाखले नाकारले होते. एका गृहस्थाला शाळेतल्या कारकुनाने विचारलं होतं की तुमच्या पोटी मूल जन्मलं की तुमच्या ठिकाणी. जिन्यावर रांग लागली, आरडाओरडा झाला. साहेबांनी दार लावून घेतलं, विचार केला आणि संध्याकाळी परिपत्रक काढलं. चूक झाली असं त्यात कुठेही नव्हतं. त्यात असं होतं की नव्या प्रणालीनुसार दाखल्यावरील प्रत्येक नोंद ती ज्या रकान्यात दिसते त्याच्या एक रकाना वर आहे असे समजून वाचावी. सर्व शाळांना प्रत रवाना. परिपत्रक नव्या प्रिंटरवरच छापलं होतं आणि तिथे कप्प्यात दाखल्यांचे फॉर्म असल्यामुळे तेही जन्मदाखल्यावर आलं. साहेबांची सही बरोबर आईच्या रकान्यात पडली.

बाईंना हसू आलं. पोट धरून त्या एकट्याच हसल्या, आणि हसताहसता खिडकीपाशी शिवणवाली दिसली.

शिवणवाली बाईंच्या गल्लीत कोपऱ्यावर मशीन टाकून बसे. बाईंचे सगळे कपडे तीच शिवायची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता. मुलगी सहा वर्षांची. मुलीचा दाखला शनिवारचा, आणि तिची शाळा हुशार निघाली होती. तिने दाखला नाकारला नव्हता, जसाच्या तसा स्वीकारून रजिस्टरात चढवला होता. वडिलांचं नाव म्हणून शिवणवालीचं नाव. खऱ्या वडिलांचं नाव जन्मस्थळात. दुरुस्त दाखला शुक्रवारपर्यंत आणला तर आणला, नाहीतर हेच कायम, पुढे दहावीपर्यंत.

“ताई, ती वडिलांचं नाव लिहायला शिकलीये नुकतीच,” शिवणवाली म्हणाली. “पाटीवर रोज लिहिते. शाळेतल्या बाईंनी तिला वर्गात सांगितलं, ते नाव गावाचं आहे म्हणून.”

ती रडली नाही. दाखल्याची घडी उलगडून तिने तो गजांतून आत सरकवला, जशी एखादी उसवलेली बाही पुढे करावी तसा. बाईंना लाज वाटली. साहेबांची नाही, टायवाल्यांची नाही, स्वतःचीच.

त्यांनी आतलं पान उघडलं. एकोणीस वर्षांत त्यांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. ‘वरून सोडायच्या ओळी: ७’. सात खोडून सहा केलं. सगळं मिळून मिनिटसुद्धा लागलं नाही. मग कळ दाबली, तीन जिने चढल्या, दाखला घेतला. नाव नावाच्या जागी, आई आईच्या, बाप बापाच्या. शिवणवालीला तो देताना त्यांना वाटलं, सुटले.

बुधवारी शिवणवाली परत आली. शाळेकडे आता परिपत्रक पोचलं होतं. त्याप्रमाणे शाळेने बरोबर दाखला एक रकाना वर वाचला. म्हणजे बाळाचं नाव म्हणून आईचं नाव, आईचं म्हणून वडिलांचं, आणि वडिलांच्या जागी दवाखाना. आधी बापाचं गाव झालं होतं, आता दवाखाना बाप झाला. शाळेचा कारकून म्हणाला, आम्ही नियमाने चालतो.

बाई साहेबांकडे गेल्या. परिपत्रक मागे घ्या, आता दाखले बरोबर येताहेत, असं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. साहेबांनी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं की परिपत्रक असं मागे घेता येत नाही. मागे घ्यायचं तर कारण द्यावं लागतं. कारण म्हणजे चूक. चूक म्हटलं की कुणाची, हा प्रश्न येतो. टायवाल्यांना काम चोख झाल्याचं पत्र आपणच दिलं आहे. तपासणाऱ्याने तपासलं आहे. मी सही केली ती तपासलेल्यावर केली आहे. प्रिंटर तर बिचारा यंत्र. तेव्हा चूक करणारं कुणी उरतच नाही, आणि कुणी उरत नाही तर चूक झालीच कशी? त्यापेक्षा तुम्ही ते जे काय बदललंत ते पुन्हा पहिल्यासारखं करा, म्हणजे परिपत्रकाशी जुळेल. साहेबांना ही तोड फार आवडली. सव्वा लाख माणसांनी एक ओळ वर वाचायची, पण एका कागदावर ‘रद्द’ म्हणून लिहायचं नाही.

बाई नऊ नंबरमध्ये परतल्या आणि खुर्चीत बसल्या. सहाचं सात केलं तर कुणी काही बोलणार नव्हतं. उलट रोज भांडणं होतील, लोक खिडकीशी येतील, हळूहळू जुनी पद्धत बरी म्हणतील आणि खुर्ची राहीलही. त्यांना हवं होतं ते सगळं समोर वाढून ठेवलेलं होतं. त्यांनी यजमानांना फोन केला आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं, दाढीवाल्यासकट. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. यजमान नेहमी मध्ये मध्ये सूचना करत, आज त्यांनी केली नाही.

“अहो, ऐकताय ना?” बाईंनी विचारलं.

“ऐकतोय,” ते म्हणाले. “अगं, पण तू तेव्हा नको का म्हणालीस त्याला?”

“मला बोलवायला गाडी आली होती,” बाई म्हणाल्या. एवढंच कारण होतं, आणि ते मोठ्याने बोलल्यावर अगदीच चिमूटभर निघालं.

गुरुवारी सकाळी त्यांनी कोरा कागद घेतला आणि हाताने लिहिलं. वरच्या ओळींचा आकडा चुकीचा आहे हे मला एकोणीस वर्षांपासून माहीत आहे. तो दुरुस्त करण्याची संधी असताना मी नको म्हटलं. चाचणीच्या दिवशी दाखला चुकलेला मला दिसला, तरी मी बोलले नाही. सबब चूक माझी. खाली सही, आणि सहीखाली स्वतःचं पूर्ण नाव.

साहेबांनी तो कागद वाचला. सगळा वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. साहेब वाचू शकतात, हे कचेरीला त्या दिवशी कळलं. त्यांचा चेहरा उजळला, कारण कुणीतरी उरलं होतं. अर्ध्या तासात परिपत्रक रद्द झालं, कारण ‘एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक हेळसांड’. दुपारी बाईंच्या बदलीचा हुकूम निघाला, सोमवारपासून कुत्र्यांचे परवाने. चौकशी निवृत्तीपर्यंत चालू राहील, असंही त्यात होतं. तपासणाऱ्याने हुकूम तपासला आणि बाईंकडे असं पाहिलं, जसं काही त्यानेच त्यांना पकडलं.

शुक्रवारी शिवणवाली येऊन सांगून गेली, शाळेने नोंद सुधारली. रजिस्टरात आता वडिलांच्या जागी वडील होते. ती मुलीलाही घेऊन आली होती. मुलगी गजांना धरून आतला संगणक बघत होती. बाई खणातल्या वस्तू पिशवीत भरत होत्या. शिवणवालीला कचेरीत काय घडलं त्यातलं फार कळलं नव्हतं, साहेब आणि परिपत्रक तिच्या कानावर अर्धवट आलं होतं. काय बिघडलं होतं ते दाखवा ना, असं ती म्हणाली. बाईंनी काळ्या पडद्यावर ते पान उघडून आकडा दाखवला, इथे सात होतं, तिथे सहा केलं. शिवणवालीने पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“एवढंच होतं?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. “मग ताई, तुम्ही आधीच का नाही केलंत?”

बाईंनी पडदा बंद केला. मुलगी उत्तराची वाट बघत तिथेच उभी होती.